पोलादाचा कस

विट्याच्या गलाईवाल्यापुढं सोन्याची कुठलीही वस्तू ठेवा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात सोनं किती? आजीच्या बिलवर असोत, तुटलेली बोरमाळ असो, नाहीतर सोनाराच्या दुकानातली झाडणी असो. मुशीत उतरल्यावर सगळ्यांचं रूप एक होतं. सोन्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळायची आणि तो मिश्रधातू तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, उकळायचा. चांदी आणि तांबं विरघळून जातं, तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन टाकणखार घालून वितळवली की शुद्ध सोन्याची लगड तयार. खानापूर आणि आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं हे कसब घेऊन केरळ, तामिळनाडू, बंगाल, दिल्ली असं देशभर पसरली. त्यांच्या विद्येचं सार असं की वस्तूचं रूप, वय आणि नाव विसरायचं आणि धातू ओळखायचा.

या प्रकरणातल्या वस्तूंना हा नियम उलटा लागतो. पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांसाठी १९५० ते १९८० च्या दशकांत बनलेली पोलादी घड्याळं भट्टीच्या दृष्टीनं भंगार आहेत. तरीही त्यातलं एखादं घड्याळ आज किलोभर सोन्याच्या भावात जातं, आणि तसंच दिसणारं दुसरं चार हजारांनाही महाग ठरतं. दोन्हींतला फरक ओळखणं ही एक पारखच आहे. ती कसोटीच्या दगडावर होत नाही, पण सोन्याच्या धंद्यातली शिस्त इथंही उपयोगी पडते: चकाकीवर विश्वास ठेवायचा नाही, वस्तू तपासायची.

पोलादाचा एक मोठा फायदा या घड्याळांना झाला. जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरवर गेला, तेव्हा जगभर सोन्याच्या जुन्या घड्याळांच्या केस वितळवल्या गेल्या. आतली उत्तम यंत्रं उघडी पडली आणि घड्याळजींच्या खणांत सुटे भाग म्हणून संपली. पोलादी घड्याळ वितळवून हाती काय येणार? म्हणून ती वाचली. त्यांची वाट लागली ती वेगळ्या कारणांनी. पाणी शिरलं, तबकडी सडली, आणि सगळ्यात जास्त नुकसान दुरुस्तीच्या नावाखाली झालं.

आधी हे घड्याळ जन्मलं कसं ते पाहू. १९२६ मध्ये रोलेक्सनं ऑयस्टर ही पाणी न शिरणारी केस आणली. पुढच्याच वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश जलतरणपटू ते घड्याळ गळ्यात बांधून इंग्लिश खाडीत उतरली. थंडीमुळं तिला ते पोहणं अर्धवट सोडावं लागलं, पण तासन्‌तास पाण्यात राहूनही घड्याळ चालू होतं. १९३२ मध्ये ओमेगानं एका केसमध्ये दुसरी केस बसवलेलं मरीन काढलं. तरी ही घड्याळं फार तर पाणी सोसणारी होती. पाण्याखाली काम करणाऱ्याचं हत्यार म्हणावं असं घड्याळ तयार व्हायला १९५३ साल उजाडलं.

त्या काळात पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारणं नुकतं रुळत होतं, आणि त्यात वेळ मोजणं हा जिवाचा प्रश्न होता. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. ३० मीटरवर शरीरावर एकूण चार वातावरणांचा दाब असतो. त्या दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसपेशींत मुरतो. वर येण्याची घाई केली तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जे होतं तेच शरीरात होतं. बुडबुडे सुटतात, सांधे पिळवटून निघतात, लकवा मारतो, कधी माणूस जातो. किती खोलीवर किती मिनिटं थांबायचं याचे तक्ते नौदलांकडं होते, पण पाण्याखाली ती मिनिटं मोजायची कशानं?

फ्रेंच नौदलात बुडी मारून लढणाऱ्या सैनिकांचं पथक उभारणारे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो असं घड्याळ शोधत होते. ब्लांपां कंपनीचे प्रमुख झां-झाक फिश्तेर स्वतः बुडी मारणारे होते, आणि वेळेचं भान सुटून टाकीतली हवा संपण्याचा प्रसंग त्यांनी अनुभवला होता. त्यांनी बनवलेल्या घड्याळाचं नाव फिफ्टी फॅदम्स, आपल्या जुन्या मापात पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९१ मीटर. काळी तबकडी, अंधारात चमकणारे ठसठशीत काटे आणि काचेभोवती फिरणारी कडी. पाण्यात उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग मिनिटकाटा जिथं असेल तिथला कडीवरचा आकडा म्हणजे गेलेली मिनिटं. पुढं ही कडी बहुतेक घड्याळांत एकाच दिशेनं, उलटी फिरेल अशी करण्यात आली. खडकाला धक्का लागून ती सरकली तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, आणि माणूस ठरल्यापेक्षा लवकर वर येतो. चुकायचंच असेल तर जिवाच्या बाजूनं चुकावं, असा विचार त्यामागं आहे. १९५३ मध्येच रोलेक्सची सबमरीनर आणि झोडियाकची सी वुल्फ आली, १९५७ मध्ये ओमेगाची सीमास्टर ३००, आणि १९६५ मध्ये जपानच्या सिकोचं पहिलं डाइव्ह घड्याळ.

आता मुंबईकडं वळू, कारण मराठी संग्राहकाची गोष्ट तिथून सुरू होते.

फाव्र-ल्युबा हे नाव आपल्याकडं ‘फेवर लुबा’ म्हणून तीन पिढ्यांच्या तोंडी आहे. ही स्विस कंपनी आपला इतिहास १७३७ पर्यंत मागं नेते. १८६५ च्या सुमारास त्या घराण्यातले फ्रिट्झ फाव्र हिंदुस्थानात आले, आणि पुढं मुंबई ही या कंपनीची मोठी पेठ झाली. लग्नात जावयाला अंगठी, सायकल आणि घड्याळ देण्याची रीत होती. त्यातलं घड्याळ ऐपतीप्रमाणं फाव्र-ल्युबा, वेस्ट एंड, रोमर, कॅमी किंवा हेन्री सँडोझ असायचं. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळं घड्याळांच्या आयातीवर बंधनं आली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना सुरू झाला. मग स्विस घड्याळ एकतर वडिलोपार्जित उरलं किंवा चोरट्या वाटेनं गोदीतून येऊ लागलं.

फाव्र-ल्युबाची आपल्याकडं सर्रास सापडणारी मॉडेलं म्हणजे सी चीफ आणि सी किंग. दोन्ही नावांत समुद्र आहे, काहींच्या पाठीवर ‘वॉटरप्रूफ’ही कोरलेलं असतं. पण ती रोजच्या वापराची, चावीची, सुटसुटीत घड्याळं आहेत. त्यांना फिरती कडी नाही, पेच देऊन बंद होणारी चावी नाही, खोलीचा दाब सोसणारी केस नाही. ती बुडी मारण्याची घड्याळं म्हणून कोणी विकत असेल तर दुकानाच्या पायऱ्या उतराव्यात. घड्याळ म्हणून मात्र ती उत्तम आहेत, आणि संग्रहाची सुरुवात करायला मला त्यांच्याइतकं दुसरं काही पसंत नाही.

कंपनीचं खरं डाइव्ह घड्याळ म्हणजे १९६० च्या दशकातलं डीप ब्लू, आणि त्याच्याही पुढचं बाथी. फाव्र-ल्युबानं १९६२ मध्ये बिव्हॉक नावाचं घड्याळ काढलं होतं. त्यात हवेचा दाब मोजणारी डबी होती, त्यामुळं गिर्यारोहकाला मनगटावर उंची कळायची. तीच बुद्धी १९६८ मध्ये उलट दिशेला चालवून बाथी तयार झालं. घड्याळाच्या पाठीला बारीक भोकं असतात. त्यांतून पाणी आत येतं आणि एका पातळ धातूच्या पडद्याला दाबतं. पडदा जितका आत जाईल तितका एक वेगळा काटा तबकडीवर पुढं सरकतो आणि खोली दाखवतो. मीटरमध्ये खोली दाखवणारं बाथी ५०, फुटांत दाखवणारं बाथी १६०. पाणी आत येऊ नये म्हणून सगळी घड्याळं धडपडत असताना या घड्याळानं पाण्याला मुद्दाम दार उघडून दिलं आणि त्याच्याकडून काम करवून घेतलं. मला वाटतं, त्या दशकातल्या यांत्रिक घड्याळांत याच्याइतकी धीट कल्पना क्वचितच कुणाला सुचली असेल.

बाथी हाती आलंच तर चालतं की नाही हे नंतर पाहावं. आधी पाठ उलटी करून भिंगाखाली ती भोकं पाहावीत. खारं पाणी वाळून त्यांत मीठ धरलं असेल, हिरवट-काळा थर असेल, तर पडदा गेलेला असण्याची शक्यता मोठी. आणि तो बदलून मिळणं जवळजवळ अशक्य. क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत फाव्र-ल्युबाचं वैभव ओसरलं, १९८० च्या दशकात ती घराण्याच्या हातून गेली, २०११ मध्ये टायटननं तिचं नाव विकत घेतलं. जुन्या बाथीचे भाग मात्र कोणाच्याच कोठारात नाहीत.

डाइव्ह घड्याळ महाराष्ट्रात पोहोचण्याचा दुसरा रस्ता आखातातून आला. कोकणातून बोटीवर गेलेले खलाशी आणि आखातात नोकरीला गेलेले लोक सिको, सिटिझन, रिको घेऊन सुट्टीवर यायचे. सिकोचं ६३०९-७०४० हे जाडजूड, १५० मीटरचं घड्याळ १९७६ ते १९८८ दरम्यान बनत होतं, आणि आजही ते बाजारात भेटतं. त्याचं वय ठरवायला कागदपत्रं लागत नाहीत. पाठीवरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो, दुसरा महिना. ‘२४’ नं सुरुवात असेल तर एप्रिल १९८२. तबकडीच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, बारीक अक्षरांत मॉडेलशी नातं सांगणारा आकडा असतो. तो पाठीशी जुळतो का पाहावं. वाराची चकती फिरवून पाहिली तर इंग्रजीसोबत अरबी वार निघू शकतो. म्हणजे घड्याळ आखाती बाजारासाठी बनलं होतं. दुबईहून आलं म्हणून सांगितलेली गोष्ट खरी असण्याला तेवढा आधार मिळतो. अशा चार खुणा जुळल्या की घड्याळ बोलू लागतं.

जगभरच्या संग्राहकांत आपल्या राजधानीचं नाव एका वाईट कारणानं पोहोचलं आहे, तेही सांगितलं पाहिजे. रंगवलेल्या तबकडीच्या जुन्या घड्याळाला ते ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. कुठून कुठून गोळा केलेली यंत्रं, जुन्या केस आणि नव्यानं छापलेल्या तबकड्या जुळवून ही घड्याळं तयार होतात आणि परदेशी विकली जातात. अशी तबकडी दहापट भिंगाखाली धरा. खऱ्या तबकडीवरची अक्षरं ठशानं उमटवलेली, काठ धारदार, आणि तिरक्या उजेडात किंचित उठलेली दिसतात. रंगवलेल्या तबकडीवर अक्षरांचे काठ फुटलेले असतात, ‘ऑटोमॅटिक’ मधली एखादी रेघ जाड तर एखादी बारीक, आणि मिनिटांच्या रेघा बसवलेल्या ठोकळ्यांच्या मधोमध येत नाहीत. तळाचं ‘स्विस मेड’ एकतर गायब किंवा कडेखाली अर्धं गेलेलं. रंग भडक: शेंदरी, मोरपंखी, पोपटी. साठ वर्षांच्या घड्याळाचा चेहरा काल रंगवल्यासारखा कोरा असेल तर तो कालच रंगवलेला असतो.

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारणाऱ्याला अशी घड्याळं शेकड्यांनी दिसतील. ती जुळवणाऱ्या कारागिरांच्या हातात विलक्षण कसब आहे, हेही मी मनापासून म्हणतो. तीच बोटं मूळ तबकडी जपण्याच्या कामाला लागली असती तर या शहराची ख्याती उलटी झाली असती. आणि फसवणूक फक्त गल्लीत होते असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. विकत घेणारं खुद्द ओमेगाचंच संग्रहालय होतं. २०२३ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून बनवलेलं होतं आणि त्या व्यवहारात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्यांनी मूळ घड्याळ बनवलं त्यांच्या घरात हे घडतं, तर आपण भिंग घेतल्याशिवाय पैसे काढू नयेत.

तबकडीइतकंच महत्त्व तिच्यावरच्या चमकणाऱ्या लेपाला आहे. आज कुठल्याही चमकत्या पट्टीला आपण रेडियम म्हणतो, पण १९६० च्या आसपासपर्यंत घड्याळात खरोखरच रेडियम असायचं. रेडियमच्या किरणांनी जस्ताचं सल्फाइड उजळतं, त्यावर हा लेप चालायचा. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं. जस्ताचं सल्फाइड काही दशकांत थकतं आणि उजेड मावळतो, पण किरण चालूच राहतात. त्यामुळं न चमकणारं जुनं घड्याळ निरुपद्रवी समजू नये. बंद केस आणि काचेआड असताना धोका कमी, पण लेपाचा भुगा श्वासातून किंवा बोटावरून तोंडात जाणं घातक. काटे खरवडून नवा लेप लावणाऱ्या घड्याळजीला हे कोणी सांगितलेलं नसतं. त्याला ते आवर्जून सांगावं, त्याच्या भल्यासाठी. नंतर ट्रिटियम आलं. त्याचं अर्धायुष्य साधारण सव्वाबारा वर्षं, म्हणून ती घड्याळं आता मंदावली आहेत. त्यांच्या तबकडीच्या तळाशी बहुधा इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असतं. १९९३ मध्ये जपानमध्ये किरणोत्सर्ग नसलेला, उजेड साठवून ठेवणारा लेप निघाला.

यातून एक सोपी परीक्षा मिळते. अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायची जांभळी बॅटरी तबकडीवर क्षणभर मारा. साठच्या दशकातलं म्हणून दाखवलेलं घड्याळ बॅटरी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं लख्ख चमकत राहिलं तर तो लेप नवा आहे. काटे चमकले आणि तबकडी चमकली नाही, तर काटे बदललेले आहेत. खरं जुनं ट्रिटियम उजळतं आणि लगेच विझतं. तबकडीवरचे ठिपके आणि काट्यांतला लेप एकाच पिवळसर छटेला पोहोचलेले असणं हा चांगला कौल मानावा.

मग केस. जुन्या डाइव्ह घड्याळाच्या पट्ट्याच्या कानांना धारदार कडा आणि तिरका कापलेला काठ असतो. दर दुरुस्तीला चकतीवर घासून चमकवलं की ती धार गोल होत जाते आणि पोलाद कायमचं जातं. सोन्याच्या घासकामातलं सोनं झाडणीतून परत मिळवता येतं, ही गेलेली धार कुठल्याच भट्टीतून परत येत नाही. म्हणून ओरखडे असलेली पण धार शाबूत असलेली केस ही आरशासारख्या केसपेक्षा कितीतरी वरची. सी किंगसारख्या साध्या घड्याळांत एक वेगळी गोष्ट पाहावी. सोनेरी दिसणारी केस बहुधा पितळेवर काही मायक्रॉन मुलाम्याची असते. कानांच्या टोकाला आणि चावीशेजारी मुलामा उडून पितळ दिसतं. ‘पाठ स्टेनलेस स्टील’ असं स्वतंत्र कोरलेलं असेल तर पुढचा भाग पोलादी नाही, हे कळून चुकावं. गलाईच्या दुकानात बसलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही.

एवढं सगळं जुळलं, तरी हे घड्याळ घालून मालवणला बुडी मारायला उतरायचं का? नाही. पाणी अडवणारी आतली रबरी कडी काही वर्षांत कडक होते, प्लास्टिकच्या काचेला न दिसणारे तडे जातात, चावीची नळी झिजलेली असते. पाठीवर कोरलेले २०० मीटर हे त्या घड्याळाच्या तरुणपणाचं वचन आहे. १९८२ मध्ये डाइव्ह घड्याळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यानुसार घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासावं लागतं. त्याआधीच्या घड्याळांना ही परीक्षासुद्धा बंधनकारक नव्हती. आज पाण्याखाली माणसं मनगटावरचा छोटा संगणक वापरतात, तोच वापरावा. जुन्या घड्याळाला कोकणातला दमट पावसाळाही मानवत नाही. विट्याची कोरडी हवा त्याला फार चांगली.

घरात पेटीत, कपाटात आजोबांचं घड्याळ पडून असेल, मग ते बाथी असो, सी चीफ असो की एचएमटी, तर एवढं करा. चावी जोरात पिळू नका, वाळलेल्या तेलावर यंत्र घासतं. काटे झडले असतील तर ते टाकून न देता पुडीत बांधून सोबत ठेवा. घड्याळ कोणाचं, कुठं घेतलं, कोणत्या साली, हे घरातल्या जाणत्याला विचारून चिठ्ठीवर लिहा आणि पावती, डबी, जुना पट्टा काहीही असेल तर त्यात घाला. जाणकार घड्याळजीकडून ते उघडून, धुऊन, तेल घालून घ्या. आणि तो कितीही प्रेमानं म्हणाला की डायल नवी करून देतो, केस चमकवून देतो, तरी हात जोडून नको म्हणा.